वाढाव्याचे काय करायचे? मांडव्याच्या किनाऱ्यावरून एक आढावा

"ट्रस्टला शिल्लक दाखवायची नसते." अलिबाग तालुक्यातल्या कुठल्याही मंडळाच्या वार्षिक सभेला बसा, हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून येतेच. मग मार्च महिन्यात घाई सुरू होते. गेल्याच वर्षी रंगवलेल्या देवळाला पुन्हा रंग, शाळेला नको असलेली कपाटे, कुणीही न मागितलेल्या खुर्च्या. ३१ मार्चला पासबुकात फारसे काही उरू नये, एवढाच त्यामागचा हिशेब. संस्था नफ्यासाठी नाही, म्हणजे पैसा उरताच कामा नये, अशी ही पक्की समजूत आहे.

कायद्यात असे कुठेही म्हटलेले नाही. धर्मादाय संस्थेला खर्चापेक्षा जास्त उत्पन्न झाले तर ताळेबंदात त्याला रीतसर जागा आहे आणि मराठी हिशेबात शब्दही आहे: वाढावा. कायदा विचारतो ते तीनच प्रश्न. उरलेला पैसा कुणाच्या खिशात गेला, कुठे ठेवला आणि कशासाठी ठेवला. माझे म्हणणे इतकेच आहे की पहिल्या प्रश्नाकडे आपले लक्ष असते, दुसऱ्याकडे अर्धवट आणि तिसऱ्याकडे जवळजवळ नाहीच. कर बसतो तो बहुतेक वेळा तिसऱ्यावर.

मांडव्यासारख्या गावात हा विषय आता किरकोळ राहिलेला नाही. बाहेरच्यांना मांडवा ठाऊक झाला तो १९९० च्या 'अग्निपथ'मुळे. पण गावाचे अर्थकारण बदलले ते जेट्टीने. गेटवेवरून येणाऱ्या लाँच आणि कॅटामरान पावसाळ्यात बंद असत. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली आणि मुंबईची गाडी थेट मांडव्यात उतरू लागली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू उघडला. आवास, सासवने, किहीमपर्यंतच्या वाड्यांचे भाव कुठल्या कुठे गेले. या पट्ट्यात ग्रामदैवताचा ट्रस्ट आहे, शाळा चालवणारी मंडळे आहेत, बोडणी-रेवसकडे मच्छीमारांच्या सोसायट्या आहेत, चाकरमान्यांची मुंबईकर मंडळे आहेत आणि बंगलेवाल्यांच्या असोसिएशनही आहेत. सगळ्या 'नफा न कमावणाऱ्या'. पण आयकराच्या दृष्टीने या सगळ्यांना एकच नियम लागत नाही.

आधी सर्वांत मोठा गट, म्हणजे नोंदणीकृत ट्रस्ट आणि संस्था. महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून नोंदलेली संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते, त्यामुळे धर्मादाय आयुक्तांचा नोंदणी क्रमांक बहुतेकांकडे असतो. पुष्कळ खजिनदारांना वाटते की एवढ्यावर करमाफी मिळाली. ती मिळत नाही. आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते. १९६१ च्या आयकर कायद्यात ती आधी १२-ए, मग १२-एए होती, २०२१ पासून १२-एबी झाली. पूर्वी एकदा मिळाली की कायमची असे, आता पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२५ च्या अर्थसंकल्पाने आधीच्या दोन्ही वर्षी उत्पन्न पाच कोटींच्या आत असलेल्या संस्थांना ही मुदत दहा वर्षांची केली, तेवढा दिलासा.

नोंदणी असली की मुख्य नियम असा: वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करायचे, १५ टक्के विनाअट बाजूला ठेवता येतात. ८५ टक्के खर्च झाले नाहीत तर उरलेली रक्कम विशिष्ट कामासाठी पाच वर्षांपर्यंत राखून ठेवता येते, मात्र तसे खात्याला मुदतीत कळवावे लागते. १९६१ च्या कायद्याखाली हा फॉर्म १० होता.

समजा मांडव्यात एक ग्रामविकास ट्रस्ट आहे. देणग्या, सभागृहाचे भाडे आणि ठेवींचे व्याज धरून वर्षाचे उत्पन्न १० लाख. वैद्यकीय शिबिरे, वह्यावाटप, शिष्यवृत्त्या यांवर खर्च ६ लाख. उरले ४ लाख. यातले दीड लाख कुणी विचारणार नाही. राहिलेल्या अडीच लाखांची रुग्णवाहिका घ्यायची असे सगळ्यांच्या मनात आहे, सभेत बोलणेही झाले आहे. पण प्रोसिडिंग बुकात ठराव नाही आणि फॉर्म भरलेला नाही. २०२२ च्या सुधारणेनंतर या अडीच लाखांवर सरसकट ३० टक्के कर लागतो, टप्प्यांची (स्लॅबची) सूट नाही. ७५ हजार कर, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ७८ हजार. फॉर्म वेळेत भरला असता तर शून्य. पैसा तोच, हेतू तोच, लबाडी कुणाचीच नाही. फरक एका ठरावाचा आणि एका तारखेचा.

ठराव कसा लिहिला यालाही महत्त्व आहे. 'संस्थेच्या उद्दिष्टांसाठी राखीव' असे लिहिले तर अधिकारी विचारतो, कुठल्या? 'रुग्णवाहिका खरेदीसाठी, तीन वर्षांत' असे लिहिले तर प्रश्न मिटतो. राखलेली रक्कम दुसऱ्या ट्रस्टला देता येत नाही. पाचव्या वर्षाअखेर खर्च झाली नाही तर ती त्याच वर्षाचे उत्पन्न ठरते; पूर्वी मिळणारे जास्तीचे एक वर्ष २०२२ मध्ये गेले. एकेकाळी ही मुदत दहा वर्षे होती आणि विनाअट राखायचा वाटा २५ टक्के. २००१ आणि २००२ च्या अर्थसंकल्पांनी दोन्ही कमी केले. गेल्या पंचवीस वर्षांचा कल एकाच दिशेचा आहे, पेच आवळण्याचा.

हा संशय सरकारला उगाच आला असे मात्र नाही. धर्मादाय म्हणून सूट घ्यायची आणि आतून धंदा करायचा, हा खेळ जुनाच आहे आणि तो कुठे सुरू होतो हे ठरवताना न्यायालयांची शंभर वर्षे गेली. गांधीजींच्या पुढाकाराने १९२५ मध्ये निघालेला अखिल भारत चरखा संघ खादी विकत असे आणि त्यात शिल्लकही पडे. मुंबईच्या आयकर खात्याने ती करपात्र धरली. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९४४ मध्ये चरखा संघ जिंकला: विक्री हे साधन होते, गरिबाला काम मिळणे हे उद्दिष्ट. १९६१ च्या कायद्याने मात्र 'सार्वजनिक उपयोगिते'च्या कामात नफ्यासाठीची हालचाल नको, असे शब्द घातले. हुबळीहून 'संयुक्त कर्नाटक' चालवणाऱ्या लोकशिक्षण ट्रस्टला १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याच शब्दांनी हरवले. चारच वर्षांनी सुरतच्या आर्ट सिल्क कापड उत्पादक संघटनेच्या खटल्यात न्यायालयाने उलटा कौल दिला: मुख्य हेतू पाहा, नफा झाला म्हणून हेतू बाटत नाही. १९८४ पासून ते शब्द कायद्यातूनच गेले, २००९ पासून वेगळ्या रूपात परत आले.

आज जे लागू आहे ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९ ऑक्टोबर २०२२ च्या दोन निकालांतून. सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठाने ते दिले, लिहिले न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी. अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात ठरले की सार्वजनिक उपयोगितेचे काम करणारी संस्था खर्चाइतके किंवा त्यावर थोडेसे शुल्क घेऊ शकते, भरमसाट घेतले तर तो व्यापार. आणि असा व्यापार एकूण प्राप्तीच्या २० टक्क्यांच्या आतच हवा. न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटीच्या प्रकरणात शिक्षणसंस्थांसाठी 'प्रामुख्याने शिक्षण' ही सैल कसोटी मोडीत निघाली, 'केवळ शिक्षण' आली. शिकवता शिकवता शिल्लक पडली तर हरकत नाही. आपल्या मुलांची बस, वसतिगृह, पुस्तके चालतात. शिक्षणाशी संबंध नसलेला धंदा चालत नाही. शाळेचे मैदान दर शनिवारी लग्नाला देणाऱ्या संस्थांनी हा निकाल कुणाकडून तरी वाचून घ्यावा.

२० टक्क्यांची मर्यादा सगळ्यांना नाही, हे किनाऱ्यावर विशेष लक्षात ठेवण्यासारखे. गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय सेवा, योग यांच्याबरोबर पर्यावरण-रक्षण आणि वारसा-जतन हे २००९ पासून कायद्यात स्वतंत्र उद्देश आहेत. कांदळवन राखणारी, किनारा साफ करणारी किंवा जुनी वास्तू सांभाळणारी संस्था घटनेत तेच शब्द लिहील तर या मर्यादेबाहेर राहते. 'गावाचा सर्वांगीण विकास' असे मोघम लिहील तर मर्यादेत अडकते. घटना लिहून देणारे बहुतेक जण जुन्याच घटनेची नक्कल पुढे सरकवतात, त्याचे हे फळ.

आता पहिला प्रश्न: पैसा कुणाच्या खिशात गेला? हा प्रश्न महाराष्ट्राला आयकर खात्याने शिकवलेला नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये स्थापन झाली ती आजीव सभासदांनी ठरावीक, मर्यादित वेतनावर आयुष्य द्यायचे या तत्त्वावर. सहाच वर्षांत वाद पेटला. सभासदांनी बाहेरची कामे करून मिळकत करावी का? टिळकांचे म्हणणे होते की नाही. संस्थेला वाहून घेतले तर शक्ती आणि मिळकत दोन्ही संस्थेची. आगरकर-गोखल्यांच्या बाजूला बहुमत होते आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. त्या भांडणात व्यक्तिगत तेढही होती, पण मूळ प्रश्न १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम १३ चाच आहे. विश्वस्त, संस्थापक, त्यांचे नातलग किंवा त्यांच्या कंपन्या यांना संस्थेच्या पैशाचा अवाजवी लाभ झाला की तेवढी रक्कम करपात्र. अध्यक्षांच्या मुलाच्या दुकानातून बाजारभावापेक्षा महाग सिमेंट घेतले, ट्रस्टची गाडी घरच्या लग्नाला फिरली, ट्रस्टच्या जागेत विश्वस्ताचा पुतण्या नाममात्र भाड्याने राहतो: गावात हे सगळ्यांना दिसते, फक्त ताळेबंदात दिसत नाही. मानधन घेणे गैर नाही. वाजवी असावे आणि ठरावात असावे.

दुसरा प्रश्न, पैसा कुठे ठेवला, हा रायगड जिल्ह्यात जरा दुखरा आहे. आयकर कायद्याने गुंतवणुकीची यादी दिली आहे: टपाल खाते, सरकारी रोखे, शेड्युल्ड किंवा सहकारी बँकेतल्या ठेवी, स्थावर मालमत्ता, म्युच्युअल फंड वगैरे. शेअर नाहीत, खासगी उसनवारी नाही. पतसंस्था ही बँक नव्हे. तरी एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी कितीतरी मंडळांच्या ठेवी पतपेढीत असतात, कारण पतपेढीचा चेअरमन आणि मंडळाचा सल्लागार एकच. यादीत बसणारी जागाही सुरक्षितच असते असे नाही, हे २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा जिल्ह्याने पाहिले. हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. यादी पाळणे म्हणजे कर वाचवणे. पैसा वाचवायचा तर तो दोन-तीन ठिकाणी ठेवावा लागतो, आणि ते कुठलाही फॉर्म सांगत नाही.

शेअरचा नियम तर मोठमोठ्यांनाही चावला आहे. १ जून १९७३ पूर्वी कॉर्पसमध्ये, म्हणजे कायमस्वरूपी मूळ निधीत, असलेले शेअर ट्रस्टला ठेवता येतात, नंतरचे नाहीत. टाटा समूहातल्या सहा ट्रस्टनी २०१५ मध्ये आपणहून आयकर नोंदणी परत केली, खात्याने ती २०१९ मध्ये रद्द केली आणि रद्द नेमकी कधीपासून, यावर न्यायाधिकरणात वाद झाला. ही तारीख एवढी महत्त्वाची का? कारण २०१६ मध्ये आलेला निर्गमन कर.

मांडव्याला सगळ्यात जास्त धोका आहे तो याच कराचा, आणि त्याचे नाव गावातल्या विश्वस्तांनी क्वचितच ऐकले असेल. १९६१ च्या कायद्यात कलम ११५-टीडीने आणलेला हा नियम सांगतो की संस्थेची नोंदणी रद्द झाली, तिने धर्मादाय नसलेले रूप घेतले किंवा २०२३ च्या सुधारणेनुसार नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत केलाच नाही, तर तिच्या निव्वळ मालमत्तेच्या बाजारमूल्यावर कमाल दराने कर. उत्पन्नावर नाही, मालमत्तेवर. समजा १९७५ मध्ये कुणा दानशूराने जेट्टीच्या रस्त्याला २० गुंठे दिले. दप्तरी किंमत काही हजार, आजची किंमत समजा २ कोटी. मंडळाच्या खात्यात ८० हजार रुपये आहेत, सचिव गेल्या वर्षी वारले, ईमेलचा पासवर्ड त्यांनाच माहीत होता आणि नूतनीकरण राहून गेले. काही अपवाद सोडले तर ६० लाखांच्या वर कराची मागणी कायद्याने येऊ शकते. उशीर माफ करण्याचा अधिकार ऑक्टोबर २०२४ पासून आयुक्तांना दिला आहे, पण तो मागावा लागतो आणि कारण पटवावे लागते. करबुडव्यांसाठी रचलेली ही तरतूद विसराळू मंडळावर पडते तेव्हा तिच्यात न्याय काही उरत नाही, हे माझे स्पष्ट मत.

जमीन विकायची झाली तर वेगळा मार्ग आहे. आधी धर्मादाय आयुक्तांची कलम ३६ खालची पूर्वपरवानगी. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि इतर जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायलाही ती लागते. मग भांडवली नफा. विक्रीची निव्वळ रक्कम पुन्हा भांडवली मालमत्तेत गुंतवली तर तो नफा उद्दिष्टांवर खर्च झाला असे धरतात, आणि किमान सहा महिन्यांची बँक ठेव त्यासाठी चालते, हे प्रत्यक्ष कर मंडळाने १९७५ मध्येच मान्य केले आहे. म्हणजे जागा विकून आलेल्या कोटीची ठेव करून तिच्या व्याजावर शाळा चालवणे कायद्याला मंजूर आहे. ते पैसे जत्रेत उडवणे मात्र मंजूर नाही.

आता तिसरा प्रश्न, कशासाठी ठेवला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, कौले-पत्रे उडाले, शाळांची छपरे गेली. टाळेबंदी चालू होती, देणगीदार मुंबईत अडकलेले. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. अशा वर्षी ज्या संस्थेकडे राखीव पैसा असतो तीच दुसऱ्या दिवशी पत्रे आणू शकते. किनाऱ्यावर राहणाऱ्याला गंगाजळी ही चैन नव्हे. पण वादळाच्या वर्षी उत्पन्नापेक्षा जास्त खर्च केला तर कायदा काय म्हणतो? तो जास्तीचा खर्च पुढच्या वर्षीच्या वाढाव्यातून वजा करता येणार नाही.

पूर्वी येत असे. याची बरीच कथा महाराष्ट्रातली आहे. पुण्याच्या राजस्थान अँड गुजराती चॅरिटेबल फाउंडेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या भूमिकेवर शिक्का मारला: ट्रस्टचे उत्पन्न व्यापारी हिशेबाच्या तत्त्वाने मोजायचे, म्हणून खरेदी खर्च धरलेल्या मालमत्तेवर घसाराही मिळेल आणि तो पुढेही ओढता येईल. मागील तूटही याच तत्त्वाने पुढे ओढता येत असे. घसाऱ्याची वाट संसदेने २०१४ च्या दुरुस्तीने आधीच बंद केली होती. एकच रक्कम दोनदा वजा होत होती, तेव्हा ते योग्यच. पण २०२१ मध्ये तूट पुढे ओढण्यावरही बंदी आली आणि २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात ती कायम आहे. कर्ज काढून केलेला खर्चही आता कर्ज फेडाल त्या वर्षीच मोजला जातो, तोही पाच वर्षांच्या आत फेडले तर. कॉर्पसमधून केलेल्या खर्चाचेही तसेच. वाढावा झाला तर हिशेब द्या, तूट झाली तर तुमची तुम्ही सोसा. एवढा एकतर्फी नियम साध्या किराणा दुकानदारालाही लागू नाही; त्याचा व्यापारी तोटा आठ वर्षे पुढे ओढता येतो.

मच्छीमार सोसायट्यांचे गणित याहून सोपे आहे. त्या सहकार कायद्याखाली येतात, सदस्यांना लाभांश देऊ शकतात, म्हणून काटेकोर अर्थाने त्या धर्मादाय नव्हेत. पण मासे पकडणे, खारवणे, साठवणे, विकणे आणि सदस्यांना जाळी-इंजिनांसारखे साहित्य पुरवणे यांतून झालेले उत्पन्न १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०-पी खाली पूर्ण वजावटीला पात्र आहे. अट लक्षात घेण्याजोगी आहे: मताधिकार प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्यांना, मदत करणाऱ्या सहकारी पतसंस्थांना आणि राज्य सरकारलाच हवा. होडी न पाहिलेले सभासद करून घेतलेत तर सवलत धोक्यात. राज्याचा सहकार कायदा नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायला लावतो आणि लाभांश १५ टक्क्यांवर रोखतो. जून-जुलैच्या बंदीत आणि दुष्काळी हंगामात हा निधीच सोसायटीला तगवतो. वाढावा राखायला सांगणारा कायदा आणि राखला म्हणून जाब विचारणारा कायदा, दोन्ही एकाच किनाऱ्यावर नांदतात.

साखर कारखान्यांचा वाद याच जातीचा, फक्त शेकडो पट मोठा. उसाला वैधानिक किमतीहून जास्त दिलेला अंतिम भाव हा खर्च की सभासदांना वाटलेला नफा? तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की त्यातला नफ्याचा भाग तपासून वेगळा काढा. चारच वर्षांत अर्थसंकल्पाने २०१६-१७ पूर्वीच्या वर्षांची ती रक्कम खर्च म्हणून मान्य केली. जवळपास १० हजार कोटींचा दिलासा, असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले. मागे लागणारे ताकदवान असले की नियम वाकतो. गावच्या ट्रस्टमागे कुणी नाही.

बंगलेवाल्यांच्या असोसिएशनला आणि क्लबांना आधार आहे तो परस्परतेच्या तत्त्वाचा. सभासदांनीच दिले, सभासदांवरच खर्च झाले, तर त्यातून उरलेला पैसा उत्पन्नच नव्हे. मुंबईच्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबला १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की बाहेरच्या प्रेक्षकांकडून घेतलेले पैसे मात्र करपात्र. २०१८ मध्ये व्यंकटेश प्रिमायसेस सोसायटीच्या निकालाने हस्तांतरण शुल्क आणि बिगर-भोगवटा शुल्क करमुक्त धरले. बंगलोर क्लबच्या २०१३ च्या आणि सिकंदराबाद क्लबच्या २०२३ च्या निकालांनी बँकेतल्या ठेवींवरचे व्याज करपात्र ठरवले, कारण बँक तो पैसा तिऱ्हाइताला कर्जाऊ देते. तेव्हा वर्गणी करमुक्त. मोबाइल टॉवरचे भाडे, चित्रीकरणाचे शुल्क आणि ठेवीचे व्याज करपात्र.

देवस्थानांबद्दल थोडेच. दानपेटीत नाव-गाव नसलेला पैसा पडतो. धर्मादाय संस्थेला असे निनावी दान ठरावीक मर्यादेपलीकडे मिळाले तर त्यावर ३० टक्के कर आहे, निव्वळ धार्मिक संस्थेला नाही. शिर्डीचे साईबाबा संस्थान रुग्णालये आणि शाळाही चालवते, म्हणून ते धर्मादायच, असे खात्याचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ते फेटाळले: संस्थान दोन्ही आहे, सूट लागू. नव्या आयकर विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात अशा दुहेरी संस्थांची ही सूट गळाली होती, संसदेच्या प्रवर समितीने आक्षेप घेतल्यावर ती परत आली. गावच्या देवळाला यातून एवढेच घ्यायचे की दानपेटी दोघातिघांसमोर उघडावी, मोजणी त्याच दिवशी वहीत चढवावी आणि रक्कम बँकेत भरावी.

बाहेर काय चालते? अमेरिकेत १९४०च्या दशकात न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयासाठी चक्क मॅकरोनीचा कारखाना विकत घेतला गेला, त्याचा नफा करमुक्त. त्यावरून गदारोळ झाला आणि १९५० मध्ये उद्दिष्टाशी संबंध नसलेल्या धंद्यावर कर आला. तिथल्या खासगी फाउंडेशनना दरवर्षी मालमत्तेच्या सुमारे ५ टक्के वाटावेच लागतात. इंग्लंडमध्ये असा टक्का नाही. तिथला धर्मादाय आयोग विचारतो, राखीव निधी किती ठेवता आणि का, ते अहवालात लिहा. मला ही पद्धत आपल्यापेक्षा शहाणी वाटते. आपण तारीख तपासतो, ते कारण तपासतात.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या आयकर कायदा २०२५ ने धर्मादाय संस्थांच्या विखुरलेल्या तरतुदी एका प्रकरणात आणल्या आणि संस्थेला 'नोंदणीकृत नफारहित संस्था' असे एक नाव दिले. भाषा सोपी झाली. ८५-१५ ची चौकट, पाच वर्षांची मुदत आणि ३० टक्क्यांचा दंडात्मक कर तसेच राहिले. सुधारणा करायचीच होती तर दोन गोष्टी सहज जमल्या असत्या. पाच कोटींखालच्या संस्थांना नैसर्गिक आपत्तीच्या वर्षातली तूट पुढे ओढू द्यायची, आणि निर्गमन कर केवळ नूतनीकरण चुकल्यामुळे लावायचा नाही. तिजोरीला यातून फारसा खड्डा पडला नसता.

ते होईल तेव्हा होईल. तोवर मांडवा-आवास-किहीमच्या विश्वस्तांनी फेब्रुवारीतच एक बैठक घ्यावी. वर्षाचा वाढावा किती होणार याचा अंदाज काढावा, कामाचे नाव, रक्कम आणि मुदत घालून ठराव लिहावा, सही करून सीएकडे पाठवावा. आयकर नोंदणीची मुदत कधी संपते ते सूचनाफलकावर लावावे आणि पोर्टलचा पासवर्ड निदान तिघांकडे ठेवावा. मार्चमधला रंग वाचेल.